धुण्याचा दगड

जुने धर्मगुरुनिवास पावसात ठिकठिकाणी गळू लागले, म्हणून वसईतील आमच्या चर्चच्या आवारात गेल्या वर्षी नवे घर उभे राहिले. रंग सुकला, खिडक्यांना जाळ्या बसल्या आणि शेवटी प्रश्न उरला तो मोरीशेजारच्या रिकाम्या कोनाड्याचा. आराखड्यात तेथे ‘धुलाई यंत्र’ असे लिहिलेले होते. जुन्या घरामागे विहीर होती, विहिरीशेजारी धुण्याचा दगड होता आणि त्या दगडावर बावीस वर्षे आम्हा धर्मगुरूंचे कपडे धुणाऱ्या मावशी होत्या. मग यंत्र कशाला, असे आम्हाला प्रामाणिकपणे वाटत होते.

पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत आम्ही तसे बोलूनही दाखविले. साध्या राहणीचा दाखला दिला. मावशींच्या रोजीची काळजी व्यक्त केली. बालपणीच्या बावखलाचे, त्याच्या काठच्या दगडावर धुणे आपटणाऱ्या आमच्या आईचे आणि वाडीभर घुमणाऱ्या त्या आवाजाचे वर्णन केले. सभासद भारावले. यंत्राचा विषय बारगळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी बादली घेऊन दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “फादर, काल तुम्ही मशीन नको म्हणालात म्हणे?”

“तुमचं काम जाऊ नये म्हणून, मावशी.”

“मला एकदा विचारायचं तरी! माझ्या घरी सुनेनं मशीन आणून चार वर्षं झाली. दगडावर फक्त तुमचेच कपडे धुते मी. गुडघा दुमडत नाही आता. आणि कपडे मशीननं धुतले तरी घालायचे कोणी, वाळवायचे कोणी, इस्त्री कोणी करायची? तुम्ही?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्यांच्या बोटांच्या पेरांवर सोड्याने पडलेल्या भेगा होत्या. बावीस वर्षांत त्या आम्ही पाहिल्या नव्हत्या, असे लिहिताना संकोच होतो. पण ते खरे आहे.

त्या रात्री बावखल पुन्हा आठवले. आई धुणे धूत असे तेव्हा आम्ही काठावर मासे पकडत बसत असू. पाण्यावरचे कोवळे ऊन आम्हाला आठवते, कारण वाकण्याचे काम आमचे नव्हते. सेमिनरीत असताना आपले कपडे आपणच धुवावे लागत. परंतु गुरुदीक्षा झाली आणि साबण आमच्या हातून सुटला तो सुटलाच. आम्ही ज्या साधेपणाची थोरवी गात होतो, त्याचे मोल दुसऱ्याच कोणाची तरी कंबर चुकवीत होती.

८ मार्च २००९ रोजी महिलादिनानिमित्त ‘लोसेर्वातोरे रोमानो’ या व्हॅटिकनच्या दैनिकात एक लेख आला होता. विसाव्या शतकात स्त्रीच्या मुक्तीला गर्भनिरोधक गोळीपेक्षाही धुलाई यंत्राने अधिक हातभार लावला असावा, असा त्याचा सूर होता. त्यावर जगभर टीका झाली आणि आम्हीही तेव्हा हसलो होतो. त्या लेखातील सारे काही आजही आम्हाला पटत नाही. परंतु हसण्याचा अधिकार दगडापाशी बसणाऱ्यांनाच होता, एवढे मात्र आता कळते.

पुढची निवड मावशींना बरोबर घेऊनच केली. वरून झाकण उघडणाऱ्या यंत्रापाशी वाकावे लागत नाही, पण त्याला पाणी फार लागते आणि मे महिन्यात आमची विहीर तळ गाठते. समोरून दार असलेले यंत्र त्याच्या जवळजवळ निम्म्या पाण्यात काम भागविते, मात्र त्यासाठी खाली वाकावे लागते. उपाय गवंड्याने काढला. कोनाड्यात दीड फूट उंचीचा भक्कम ओटा बांधला आणि पिळताना यंत्र हादरून सरकू नये म्हणून त्याला कड ठेवली. विहिरीचे पाणी मचूळ; त्यातील क्षारांचा थर पाणी तापविणाऱ्या भागावर बसतो, म्हणून तो काढण्याची पूड आणून ठेवली. पुष्कळ बटणांचे यंत्र मावशींनीच नाकारले. फिरवायची एकच कळ असलेले त्यांनी पसंत केले.

ड्रायरवर मात्र खरा वाद झाला. कोकणच्या पावसाळ्यात कपडे चार चार दिवस ओले राहतात आणि झग्याला कुबट वास येतो, हे सर्वांना मान्य होते. तथापि, एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६३ युनिट एवढी उष्णता लागते. हा निसर्गाचा हिशेब आहे, त्यात घासाघीस चालत नाही. पाच किलो सुती कपडे मिनिटाला ८०० फेऱ्यांनी पिळले तर त्यांत सुमारे साडेतीन लिटर पाणी उरते, १,४०० फेऱ्यांनी पिळले तर अडीच. म्हणजे जेवढे जोरात पिळावे तेवढी वाळविण्याची वीज वाचते. हीट पंपाचा ड्रायर साध्या ड्रायरच्या जवळजवळ निम्म्या विजेत काम करतो, पण त्याची किंमत बरीच अधिक. धुणे-वाळविणे एकत्र करणारे यंत्रही पाहिले. ते आठ किलो धुते, पण वाळविते पाचच किलो.

‘तिघा धर्मगुरूंसाठी एवढी चैन?’ असे एका सभासदाने विचारले. प्रश्न रास्त होता. तेव्हा आम्हाला रोमचे स्मरण झाले. एप्रिल २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या नावाने तेथे बेघरांसाठी एक धुलाईघर सुरू झाले: सहा धुलाई यंत्रे आणि सहा ड्रायर, सारे मोफत. तोच धागा मावशींनी न कळत उचलला. त्या म्हणाल्या, “आजारी माणसं अंथरुणात आहेत त्यांच्या चादरींचं पावसात काय होतं, ते त्यांच्या घरी जाऊन बघा.”

आम्ही आजाऱ्यांना दर महिन्याला कम्युनियन द्यायला जातो. चादरीचा विचार कधीच केला नव्हता.

हीट पंपाचा ड्रायर घेतला आणि तो बाहेरून उघडणाऱ्या खोलीत ठेवला. जून ते सप्टेंबर तो अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरांसाठी आहे. आमचे झगे मागाहून. उरलेले आठ महिने गच्चीवरची दोरी आणि समुद्राचा वारा पुरेसा आहे. वेदीवरची पवित्र वस्त्रे तेवढी पूर्वीप्रमाणेच आधी हाताने विसळून ते पाणी जमिनीत ओततो. ते काम आता आम्हीच करतो.

मावशींची रविवारी सुट्टी असते. त्या दिवशी यंत्र लावण्याची पाळी आमची. पहिल्याच रविवारी पांढऱ्या झग्याबरोबर एक लाल हातरुमाल आत गेला. सोमवारी मावशींनी तो गुलाबी झगा दोरीवर मध्यभागी, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा वाळत घातला.