येलदरीच्या माळावरचा खाटीक

परभणी जिल्ह्यात जिंतूर तालुक्यातील येलदरीला लोक जातात ते पूर्णा नदीवरचे धरण पाहायला. आम्ही गेलो बाभळी-बोरींच्या माळावर, राखी खाटकाचा फोटो काढायला. 

तासाभराने दिसला. साळुंकीएवढा, पाठ राखाडी, पोट पांढरे, डोळ्यांवरून काळी पट्टी. बाभळीच्या शेंड्यावर बसायचा, खाली नाकतोडा हलला की झेप घ्यायचा आणि पुन्हा शेंड्यावर. म्हणून त्याच्यामागे धावण्यात अर्थ नसतो. सूर्य पाठीशी घेऊन आम्ही बांधाआड बसून राहिलो. फोटो मिळाला तो सरड्यासह! सरडा त्याने काट्यात खोचला आणि चोचीने तोडून खाल्ला.

लोक त्याला क्रूर म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. हा गाणाऱ्या पक्ष्यांच्या कुळातला. चोच आकड्यासारखी, पण पंजे ससाण्यासारखे भक्कम नाहीत. मोठी शिकार धरून ठेवायला काटाच त्याचा हात. उरलेले तिथेच अडकवून ठेवतो. लॅटिनमधले त्याचे नाव लॅनियस, म्हणजेही खाटीकच. (कष्टाच्या धंद्याचे नाव शिवीसारखे का वापरावे?)

दख्खनच्या या पक्ष्याची शास्त्रीय नोंद साइक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८३२ साली केली. आज माळ नांगरला, बाभूळ तोडली, फवारणीने किडे मेले, की त्याचे घरही जाते आणि कोठारही. तुमच्या बांधावर काट्याला नाकतोडा लटकलेला दिसला तर मुलांना जरूर दाखवा. काढू मात्र नका, ती त्याची शिदोरी आहे.