गळका पेला

आम्ही मराठीचे एम. ए. आहोत. दवबिंदूंच्या उपमांवर आम्ही परीक्षेत पानेच्या पाने भरली. पण दव पडते कसे, हे आम्हांला सातवीतल्या एका मुलाने शिकविले. तेही त्याचे नाव शाळेच्या पटावरून जाण्याच्या बेतात असताना.

बेळगावातील आमच्या सरकारी मराठी शाळेतील हा विद्यार्थी. त्याला आपण बंडू म्हणू. बंडूचे शरीर तेवढे वर्गात असे. फळ्यावर अपूर्णांक चालले असता हा खिडकीतून कौलावरचा कावळा न्याहाळी. तीन वर्षे आम्ही त्याच्या प्रगतिपत्रकावर तांबड्या शाईने एकच शेरा मारीत आलो : 'वर्गात लक्ष नसते.'

तो शेरा त्याच्या वडिलांनी मनावर घेतला. जूनमध्ये शाळा उघडताच ते दाखल्याचा अर्ज घेऊन आले. गवंडीकाम करणारा सरळ माणूस. म्हणाले, "गुरुजी, लक्षच नाही तर ठेवून काय करू? माझ्या हाताखाली विटा तरी उचलील."

पाऊस लांबला होता, उकाडा असह्य होता. शिपाईमामांनी समोरच्या दुकानातून फ्रीजचे पाणी आणून पेल्यात ओतले. थोड्याच वेळात पेल्याखालच्या अर्जावर ओले वर्तुळ उमटले. आम्ही कडाडलो, "मामा, हा तिसरा पेला! न गळणारा पेला गावात मिळत नाही काय?" मामा बापडे मान खाली घालून उभे राहिले.

बंडू पेल्याकडे टक लावून पाहत होता. आम्ही ओरडलो, "लक्ष कुठे आहे तुझे?"

"पेल्याकडं, गुरुजी. तो गळत नाही. नळाचं पाणी घातलं की कुठं गळतो?"

आमची परवानगी घेऊन त्याने पेल्यात निळी शाई टाकली व पेला बाहेरून पुसला. आतले पाणी निळे झाले. बाहेर पुन्हा जमलेले थेंब मात्र स्वच्छ होते! हवेतील अदृश्य वाफ थंड पेल्याला लागून तिचे पाणी होत होते. पहाटे गवतावर पडते ते दव याच जातीचे. आम्ही मामांची क्षमा मागितली.

१९२१ साली सागरप्रवासात चंद्रशेखर वेंकट रामन भूमध्य समुद्राची निळाई पाहत राहिले. ती केवळ आकाशाचे प्रतिबिंब, हे त्यांना पटेना. त्या ध्यासाची वाट १९२८ च्या शोधापर्यंत आणि १९३० च्या नोबेल पारितोषिकापर्यंत गेली. त्या बोटीवर आम्ही असतो, तर 'लक्ष नसते' हाच शेरा मारला असता.

अर्जावरील अक्षरे पार फुटली होती. वडिलांनी विचारले, "दुसरा लिहून आणू?" आम्ही म्हणालो, "नको. शेरा आमचाच चुकला होता."

बंडू आता आठवीत आहे. त्याचे अपूर्णांक अद्याप अपूर्णच आहेत. तेवढे मात्र आता आम्हांला शिकवायचे आहे.