पायऱ्या

रात्री साडेदहाला ताईंचा फोन आला. "किल्ली लागत नाहीये," एवढंच त्या म्हणाल्या. बराच वेळ एकट्याच झगडून, शेवटी नाइलाजाने फोन केलाय, हे आवाजावरूनच कळत होतं.

ताई घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी समुपदेशनाचं काम करतात. कोण कुठल्या गावची, आता कुठे राहते, पोलिसांत काय लिहून दिलंय, मुलं कोणाकडे आहेत, हे सगळं त्यांच्या लॅपटॉपवरच्या फायलींत असतं. त्यातला एक पत्ता भलत्याच्या हाती लागला तर एखादीच्या जिवावर बेतेल. म्हणून तीन वर्षांपूर्वी मी त्यांना फायली कुलूपबंद करायला शिकवलं होतं. आत ग्नूपीजी हे मुक्त सॉफ्टवेअर आणि वरून बटणं-खिडक्यांचं एक साधं साधन. परवलीचा शब्द लहान असला की फोडता येतो, तेव्हा एखादं लांबसं वाक्यच ठेवा, आणि ते मराठीत ठेवा, हा सल्ला माझाच. आपल्या भाषेतलं, आपल्या घरातलं वाक्य माणूस विसरत नाही.

ताई विसरल्या नव्हत्याच. नवा लॅपटॉप घेतला, जुन्यावरच्या फायली आणि किल्ली नीट उतरवून घेतली. तेच वाक्य वीस वेळा टाइप केलं. वीस वेळा उत्तर आलं, परवलीचं वाक्य चुकीचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडे गेलो. परवलीचं वाक्य टाइप करताना पडद्यावर नुसते ठिपके उमटतात, म्हणून आधी तेच वाक्य एका साध्या फायलीत लिहून बघितलं. काना, मात्रा, जोडाक्षरं, सगळं जागच्या जागी. जुना लॅपटॉप भाच्याकडे गेला होता, तो मागवला. त्यावर तेच वाक्य टाइप केलं आणि कुलूप पहिल्याच फटक्यात उघडलं. ताईंनी डोळे पुसले. फायली वाचल्या होत्या, पण मला चैन पडेना. वाक्य एक, किल्ली एक, फायली त्याच. मग एका यंत्रावर दार उघडतं आणि दुसऱ्यावर नाही, हे कसं?

दोन्ही लॅपटॉपवर ते वाक्य दोन वेगळ्या फायलींत ठेवलं आणि बाइट मोजले. जुन्यावरची फाइल तीन बाइटनी मोठी निघाली. एकेक शब्द तोडत गेलो. शेवटी हाती एकच शब्द उरला, 'पायऱ्या'. (ते वाक्य आता बदललेलं आहे आणि हा एक शब्द सांगायला ताईंची परवानगी आहे.)

पायऱ्या, दऱ्या, वाऱ्यावर, दुसऱ्याचा. पुढच्या अक्षराला बारीक विळ्यासारखा लटकणारा हा अर्धा र आपल्या रोजच्या लिहिण्यात पावलोपावली येतो. संगणकावर तो दोन वाटांनी उमटतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ऱ ची वेगळी कळ आहे. ती दाबून हलन्त दिला की तो सहा बाइटांत बसतो. दुसऱ्या काही कळफलकांवर साधा र, मग हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक नावाचं एक अदृश्य चिन्ह असे तीन तुकडे पडतात. ते होतात नऊ बाइट. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एकसारखे. जुन्या लॅपटॉपवर एक कळफलक होता, नव्यावर दुसरा. आणि किल्लीवरचं कुलूप अक्षरं वाचत नाही, बाइट वाचतं. परवलीचं वाक्य पुन्हा पुन्हा घुसळून त्यातून एक आकडा काढतात आणि त्या आकड्याने किल्ली उघडते. वाक्यात एका बिटाचा फरक पडला तरी निघणारा आकडा पार निराळा असतो. जवळपास बरोबर असं काही तिथे नसतं.

अशी कुलपं वापरता-शिकवता मला पंधरा वर्षं झाली. त्यांचा हा निष्ठुरपणा मला अजूनही मोलाचा वाटतो. इथे पहारेकरी नाही, ज्याला दमदाटी करून वा चिरीमिरी देऊन दार उघडून घेता येईल. कोणाच्या कार्यालयात दुसरी किल्ली ठेवलेली नाही. ताईंकडे येणाऱ्या बाईचा नवरा वजनदार असो नाहीतर गरीब, त्याला त्या फायली सारख्याच बंद. पण ज्या नियमाने तो बाहेर राहतो, त्याच नियमाने त्या रात्री ताईही बाहेर राहिल्या. मालकीण आणि चोर यांच्यात कुलपाला फरक करता येत नाही. तो करता येऊ लागला, तर ते कुलूप राहणार नाही. म्हणून मालकिणीची जी काही काळजी घ्यायची, ती कुलूप लावण्याच्या क्षणी, नाहीतर त्याही आधी घ्यावी लागते. ते आमचं, म्हणजे ही साधनं घडवणाऱ्यांचं आणि शिकवणाऱ्यांचं काम. तिथे आम्ही कमी पडलो होतो.

मजकूर लपवणं मराठीला नवं नाही. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ शतकानुशतकं सांकेतिक लिप्यांत जपले. त्यातली सकळ लिपी सगळ्यांत प्रसिद्ध. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर, अशी तिची रीत. श्रद्धेने, जिवापाड जपलेलं ते गुपित होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी लिपीची उकल केली आणि लीळाचरित्रासारखं आद्य मराठी गद्य पंथाबाहेरच्या वाचकांना वाचता येऊ लागलं. साहित्याचा त्यात मोठाच लाभ झाला. मला मात्र त्यातली रचना दिसते. त्या लिपीत गुपित होतं ते पद्धतीत. पद्धत कळली की त्या लिपीतल्या पोथ्या उघड्या. १८८३ साली ऑगस्ट केर्कहॉफ्सने सैनिकी सांकेतिक लेखनाबद्दल लिहिताना उलटी अट घातली. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुपित राहावं ते किल्लीत. मुक्त सॉफ्टवेअर त्या अटीच्या शेवटच्या टोकाला जातं. ग्नूपीजीची ओळ न् ओळ कोणालाही वाचता येते. ताईंचं कुलूप कसं घडवलंय हे सगळ्या जगाला ठाऊक आहे, आणि तरीही ते उघडायला ताईच लागतात.

असं कुलूप हक्काने वापरता यावं म्हणून माणसांनी सोसलेलं आहे. फिल झिमरमन यांनी १९९१ साली मजकूर कुलूपबंद करणारं पीजीपी हे सॉफ्टवेअर लोकांच्या हाती दिलं, तेव्हा अमेरिकेचा निर्यात कायदा असल्या सॉफ्टवेअरला शस्त्रसामग्रीत धरायचा. त्यांच्यामागे जवळजवळ तीन वर्षं चौकशीचा ससेमिरा लागला आणि १९९६ साली आरोप न ठेवताच ती संपली. मधल्या काळात, १९९५ साली, एमआयटी प्रेसने तो सगळा प्रोग्राम चक्क छापील पुस्तक म्हणून काढला. सॉफ्टवेअर देशाबाहेर नेण्यावर निर्बंध होते, पण पुस्तक अडवणं तितकं सोपं नव्हतं. जर्मनीत वेर्नर कोख यांनी १९९७ साली मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या रिचर्ड स्टॉलमन यांचं भाषण ऐकलं. अमेरिकी कायदा तुम्हाला लागू नाही, तेव्हा पीजीपीला मुक्त पर्याय तुम्ही घडवा, असं आवाहन त्यात होतं. कोख कामाला लागले. सप्टेंबर १९९९ मध्ये ग्नूपीजीची १.० आवृत्ती आली. पुढे हा डोलारा अनेक वर्षं बहुतांशी या एका माणसाने पेलला. त्यांच्याकडचे पैसे संपत आले होते, हे २०१५ साली बातमी छापून आल्यावर जगाला कळलं आणि मग देणग्या आल्या. ज्यांनी वर्षानुवर्षं ते फुकट वापरलं त्यांत मीही होतो. ती बातमी वाचून मी ठरवलं की आठवड्यातले काही तास अशी साधनं सुधारायच्या कामाला द्यायचे.

पण सुधारणा करायची म्हणजे नेमकं काय करायचं? कुलपाच्या गाभ्याला, गणिताला, माझ्यासारख्याने हात लावायचा नसतो. याचा धडा २००८ साली सगळ्यांनाच मिळाला. डेबियन या लिनक्स प्रणालीत, किल्ल्या बनवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरच्या दोन ओळींबद्दल एक तपासणी-साधन कुरकुर करत होतं. त्या ओळी २००६ साली भल्या हेतूने बंद केल्या गेल्या. किल्ल्या बनवताना लागणारा अनिश्चितपणा त्याबरोबर जवळजवळ सगळाच गेला. प्रत्येक प्रकारच्या किल्लीच्या शक्यता उरल्या ३२,७६८. एवढ्या किल्ल्या संगणक बघता बघता लावून पाहतो. जवळजवळ दोन वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. कुठेही काहीही लिहिण्याआधी त्या दोन ओळी मला आठवतात आणि हात थबकतो. तो तसा थबकायलाच हवा.

काम पडलेलं आहे ते उंबरठ्यावर, जिथे माणसाचा हात कुलपाला लागतो तिथे. १९९९ साली अल्मा व्हिटन आणि जे. डी. टायगर यांनी बारा जणांसमोर पीजीपी ठेवलं आणि नव्वद मिनिटं दिली. बहुतेकांना एक ईमेल धड सही करून, कुलूपबंद करून पाठवता आलं नाही. काहींनी तर जे लपवायचं तेच उघड्यावर पाठवलं. गणित भक्कम होतं, माणसं शहाणी होती. मधली वाट वाईट होती. आजही मी कोणाला ईमेल कुलूपबंद करायला शिकवतो तेव्हा पहिलं सांगतो, विषयाच्या ओळीत कोणाचं नाव लिहू नका. आतला मजकूर झाकला तरी ती ओळ बऱ्याचदा उघडीच जाते, आणि कोणी कोणाला कधी लिहिलं हेही झाकलं जात नाही. जी वापरते तिला हे आधी माहीत असलं पाहिजे.

पायऱ्यांचा पेच मी साधनाच्या कर्त्यांपुढे मांडला. माझी सूचना सरळ होती. परवलीचं वाक्य घेताना दोन्ही तऱ्हेचे र एकाच रूपात आणा. मुख्य कर्त्याने शांतपणे दोन हरकती घेतल्या. ज्यांनी आधीच कुलपं लावली आहेत, त्यांचं वाक्य आम्ही परस्पर बदलायला लागलो तर उद्या त्यांची दारं उघडणार नाहीत. आणि एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं जुळवायला युनिकोड या अक्षरांच्या मानकात जे प्रमाणीकरण आहे, त्याने ही दोन रूपं एक होतही नाहीत. तपासून पाहिलं. खरं होतं. ऱ म्हणजे र आणि खाली नुक्ता, एवढंच प्रमाणीकरण मानतं. जोडकवाला र त्याच्या लेखी निराळाच. 'ॲप'मधल्या ॲ चीही तीच गत. सुटं अक्षर आणि अ वर चंद्र देऊन केलेलं, ही दोन्ही रूपं त्यालाही वेगळीच. ज्या माणसाला मराठीचं एक अक्षर वाचता येत नाही, त्याने माझ्या भाषेबद्दलची माझी चूक मला दाखवून दिली. मी ती आनंदाने घेतली.

चार महिन्यांनी ठरलं ते असं. कोणाचंही वाक्य बदलायचं नाही. पण नवं कुलूप लावताना अशी अक्षरं आली तर साधनाने थांबून सांगायचं. कोडाच्या चाळीसेक ओळी. मराठी निरोप लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि त्या दोन वाक्यांना कोडापेक्षा जास्त दिवस लागले. पहिला खर्डा होता, 'या वाक्यातलं एखादं अक्षर दुसऱ्या कळफलकावर वेगळ्या तऱ्हेने उमटू शकतं'. लिहून झाल्यावर दिसलं की 'दुसऱ्या' आणि 'तऱ्हेने' या दोन्ही शब्दांत तेच अक्षर बसलंय. ते टाळून मराठी बोलताच येत नाही, हे त्या दिवशी मला नीट उमगलं.

त्या निमित्ताने बाकीचे निरोपही चाळले. किल्लीच्या चाळीस अक्षरी खुणेला आम्ही 'अंगठ्याचा ठसा' लिहून बसलो होतो. ताईंच्या एका सहकारी बाईंनी ते वाचून खरोखरच पडद्यावर अंगठा टेकवला होता. सातबाऱ्याच्या, कर्जाच्या कागदावर अंगठा उठवलेल्या माणसाला तो शब्द काय सांगतो, याचा आम्ही विचारच केला नव्हता. आता नुसतं 'किल्लीची खूण'. त्याहून अवघड होता 'विश्वास'. ही किल्ली खरंच त्याच माणसाची आहे का, हा एक प्रश्न. आणि तो माणूस इतरांच्या किल्ल्या तपासून सही करण्याइतका दक्ष आहे का, हा दुसरा. दोन्हींना एकच शब्द वापरला की लोक चुकतात. मराठीत या दोन गोष्टी कधीच एक नव्हत्या. एखाद्याची 'ओळख पटते', आणि एखाद्यावर 'भरवसा' असतो. ओळख पटलेल्या प्रत्येकावर आपण भरवसा ठेवत नाही. ते दोन शब्द जागच्या जागी बसले तेव्हा तो पडदा मला पहिल्यांदा मराठी वाटला.

नवी आवृत्ती आली तेव्हा दोन्ही लॅपटॉप शेजारी शेजारी मांडून ताईंकडे बसलो. त्यांनी नवं वाक्य योजून ठेवलं होतं. बोटं कळफलकावर ठेवून त्या थांबल्या.

"जरा तिकडे बघता का?"

मी खिडकीकडे वळलो. मागे कळांचा आवाज बराच वेळ चालला, मधे थांबला, म्हणजे निरोप आला असणार. ताईंनी तो मोठ्याने वाचला, 'अच्छा' म्हणाल्या, आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून टाइप केलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि जुन्या लॅपटॉपच्या सैल झालेल्या कळा वाजू लागल्या.

"इकडेही उघडलं," ताई म्हणाल्या.