काचेवरची चांदणी

आमच्या अब्बांची मेटॅडोर वर्षभर केळी वाहायची आणि एक संध्याकाळ बाळ येशूला. वसईच्या वाड्यांमधून केळीचे घड, भाजीचे हारे, फुलांच्या पाट्या पहाटे स्टेशनावर पोहोचवायच्या, तिथून लोकलने माल दादरला जायचा. हा अब्बांचा धंदा. वाड्या बहुतेक सामवेदी ख्रिस्ती कुटुंबांच्या, आणि आमचं घर त्यांच्याच आळीच्या टोकाला, मशिदीकडे वळणाऱ्या रस्त्यावर. नाताळच्या आदल्या रविवारी आळीतली मंडळी नाताळ फेरी काढायची. त्या दिवशी मेटॅडोर धुतली जायची, हौद्याच्या फळ्या उतरायच्या आणि वर पेंढ्याचा गोठा उभा राहायचा.

वसईबाहेरच्या वाचकाला हे थोडं समजावून सांगायला हवं. इथला नाताळ गोव्यासारखा नाही. १५३४ साली हा मुलूख गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगिजांकडे गेला, १७३९ साली चिमाजी अप्पांनी तो घेतला. राजवटी गेल्या, धर्म राहिला, आणि भाषा तर कधी गेलीच नव्हती. प्रार्थना मराठीत, नाताळगीतं मराठीत, घरात कादोडी बोली. शेजारची आजी कादोडीत बोलायची, माझी दादी आमच्या कोकणीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं भांडणसुद्धा व्यवस्थित पार पडायचं.

फेरीत पुढे बँड, मागे लाल चौकड्यांची लुगडी नेसलेल्या बायका, हातात बांबूच्या नि पतंगी कागदाच्या चांदण्या घेतलेली पोरं, मेंढपाळ झालेले दोन-चार जण, आणि मध्ये आमची गाडी, पहिल्या गिअरमध्ये. दोन तास पहिल्या गिअरमध्ये गाडी चालवणं काय असतं ते चालवणाऱ्यालाच ठाऊक. पायाशी इंजिनाची धग, क्लचचा जळका वास. अब्बा पाण्याचा डबा जवळ ठेवायचे. आम्हाला वाटायचं त्यांना तहान लागते. तो रेडिएटरसाठी असायचा.

आमच्या जमातीत यावर बोलणं व्हायचंच. एका बुजुर्गांनी अब्बांना मशिदीच्या पायरीवर विचारलं, "भाडं घेतोस का?" अब्बा म्हणाले, नाही. "मग घे. भाडं घेतलंस तर तो व्यापार झाला. फुकट नेलंस तर तू त्यात सामील झालास." माणूस वाईट नव्हता. त्यांच्या परीनं ते अब्बांना वाट काढून देत होते. अब्बा म्हणाले, "घेतो की. केक घेतो." पायरीवरची मंडळी हसली. तो विषय मात्र हसण्यावारी संपणारा नव्हता, हे मला पुढे कळलं.

कारण सामील होणं म्हणजे काय, याचा हिशेब आमच्या दोन घरांनी स्वयंपाकघरात कधीच मांडून ठेवला होता. मावशी, म्हणजे माझ्या मित्राची आई, आमच्यासाठी कोंबडीचं इंद्याल वेगळ्या टोपात करायची, आणि ती कोंबडी आदल्या दिवशी अब्बांकडून हलाल करून न्यायची. केक बिनरमचा, वेगळ्या कागदात बांधलेला. बकरी ईदला शेजारची आजी कुर्बानीचं मटण खायची नाही. तिनं तसं सरळ सांगितलं होतं. तिच्यासाठी अम्मी बाजारातून वेगळं मटण आणून शिजवायची. यात कोणाला कधी अपमान वाटला नाही.

तसंच गाण्याचं. फेरीतली गाणी मला पाठ होती, चाली तर झोपेतही आल्या असत्या. पण 'देवपुत्र' हा शब्द आला की माझी जीभ थांबायची. लहानपणी मक्तबात सूरे इख्लास पाठ केलेली. अल्लाहला कोणी जन्म दिला नाही, त्यानं कोणाला जन्म दिला नाही. मी तेवढी ओळ गिळायचो आणि पुढची उचलायचो. मित्राच्या लक्षात आलं होतं. एकदा म्हणाला, "तू तिथं नेहमी श्वास घेतोस." मी म्हटलं, "हो." त्यानं पुढे काही विचारलं नाही.

एका वर्षी गोठा सजवताना अब्बा म्हणाले, "आमच्याकडे गोठा नाही हो. आमच्या बीबी मरियम एकट्या लांब गेल्या, खजुराच्या झाडाखाली. कळा सोसवेनात तेव्हा झाडानं त्यांना ताजे खजूर दिले." शेजारच्या आजीनं हातातलं काम थांबवून ऐकलं. "एकट्या? योसेफ कुठं होता?" अब्बा म्हणाले, कुरआनात त्यांचा उल्लेख नाही. आजीला ते मुळीच पटलं नाही. बाळंतिणीला एकटं कसं सोडतील? पण संध्याकाळी फेरी निघाली तेव्हा गोठ्याच्या एका कोपऱ्यात शिंदीची झावळी खोचलेली होती. पुढे दर वर्षी खोचली जायची. नंतरच्या पोरांना ती का, हे ठाऊकही नव्हतं.

आता १९९२ च्या फेरीबद्दल.

मी सतरा वर्षांचा होतो. सहा डिसेंबरला बाबरी मशीद पाडली गेली, मुंबई पेटली. जोगेश्वरीतल्या मामांचा चार दिवस पत्ता नव्हता. लोकलने जाणारी माणसं परत येईपर्यंत घरोघरी दारात उभं राहायचं. अम्मीचं म्हणणं, या वर्षी गाडी बाहेर काढायची नाही. फेरीच रद्द करावी असं आळीतही काहीजण म्हणत होते. कोणीतरी असंही सुचवलं की या वर्षी दुसऱ्याची गाडी घ्यावी. मित्राचे वडील त्यावर चिडले, असं आम्हाला नंतर कळलं. शेवटी ठरलं की फेरी काढायची, पण हमरस्त्यावर जायचं नाही, वाडीतल्या वाडीत फिरायचं.

वीस तारखेच्या रविवारी दुपारी मुलं गाडी सजवत होती. अब्बा आणि मी असरच्या नमाजाला गेलो. परत आलो तर समोरच्या काचेवर चंदेरी कागदाची मोठी चांदणी चिकटवलेली होती. काचेच्या त्या कोपऱ्यात लाल रेडियमचा ७८६ होता, शेजारी चंद्रकोर. चांदणी बरोब्बर त्याच्यावर होती. उरलेली सगळी काच मोकळी.

अब्बा बघत उभे राहिले. मी आजूबाजूला पाहिलं; जो तो आपापल्या कामात. अब्बा काही न बोलता आत बसले, चावी फिरवली.

वाडीच्या वळणावर पोलिसांची जीप उभी होती. हवालदारानं बॅटरीचा झोत काचेवर टाकला, चांदणीवर, मग गोठ्यावर, आणि हातानंच जा म्हणून खूण केली. चांदणीनं काम केलं म्हणायचं का? मला आजही सांगता येत नाही. एवढं सांगता येतं की अब्बांना विचारलं असतं तर त्यांनी स्वतः तिथं वर्तमानपत्र चिकटवलं असतं. भीती त्यांनाही होती, पोरंबाळं त्यांनाही होती. कोणी विचारलं नाही. ज्यांनी आयुष्यभर केकमध्ये रम घालायची की नाही हे विचारलं, त्यांनी हे विचारलं नाही.

रात्री अब्बा ब्लेडनं चांदणी खरवडत बसले. खळीबरोबर रेडियमही निघत होतं. सात राहिला, सहा राहिला, मधला आठ चांदणीबरोबर गेला. त्यांनी पुन्हा नवीन लावला नाही. पुढची कित्येक वर्षं आमची गाडी '७ ६' घेऊन फिरली. स्टेशनावर हमाल विचारायचे, चाचा, हे काय? अब्बा म्हणायचे, "आठ वाटेत पडला."

२००० साली नाताळ रमजानमध्ये आला. अब्बांचे डोळे अधू झाले होते, म्हणून फेरीत गाडी पहिल्यांदा मी चालवली, रोजा ठेवून. सूर्य बुडायला आला तसा बँड आपोआप थांबला. मित्रानं खिडकीतून पाण्याची बाटली दिली, खजूर माझ्या खिशात होता. अजान संपेपर्यंत सगळे उभे होते. एक मेंढपाळ मात्र तेवढ्यात भजी आणायला पळाला. त्या वर्षी माझ्या ध्यानात आलं की मुलं सगळी गाडी मढवतात, आरसेसुद्धा, पण समोरच्या काचेला कोणी हात लावत नाही. १९९२ नंतर कोणीच लावला नव्हता. मी काही बोललो नाही.

मेटॅडोर भंगारात गेली. पुढे अब्बाही गेले. मित्र जनाजाला कब्रस्तानपर्यंत आला, मातीही दिली. तिसऱ्या दिवशी ओट्यावर बसलो असताना तो एकदम म्हणाला, "ती चांदणी मी लावली होती."

मी गप्प.

"पप्पांनी सांगितलं. गाडी कोणाची ते ओळखू यायला नको म्हणाले. मी म्हटलं, चाचांना विचारू का? तर म्हणाले, त्यांना काय तोंडानं विचारणार? लाव तू. मी दर वर्षी चाचांना सांगणार होतो."

"अब्बांना माहीत होतं," मी म्हणालो.

हे खरं की खोटं, मला ठाऊक नाही. अब्बा त्याबद्दल घरात एकदाही बोलले नव्हते. पण मित्राचे खांदे थोडे सैल झाले, आणि मी पुढे दुरुस्ती केली नाही. त्याचे वडील केव्हाच वारले होते. 'त्यांना काय तोंडानं विचारणार' हे वाक्य मात्र मी घरी नेलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्यांना विचारायची गरज वाटली नाही. त्यांना लाज वाटत होती, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

आता आळीतल्या अर्ध्या वाड्यांवर इमारती आहेत. फेरीत एलईडीच्या माळा असतात, बँडपेक्षा स्पीकर मोठे असतात, आणि बाहेरून राहायला आलेले लोक गॅलरीतून मोबाइलवर चित्रण करतात. गेल्या डिसेंबरात पोरांना गाडी मिळेना, तेव्हा माझ्या मुलानं आपला पिकअप दिला. त्याच्या काचेवर ७८६ नाही, त्याच्या मुलीचं नाव आहे. झावळी कोपऱ्यात होतीच. मित्र आता साठीकडे झुकलेला, माझ्यासारखाच गुडघे धरून चालणारा, कागदाची मोठी चांदणी आणि चिकटपट्टी घेऊन गाडीसमोर आला.

"कुठं लावू?"

मुलगा आतून म्हणाला, "काका, लावा कुठंही." पण तो मुलाकडे बघत नव्हता.

मी म्हटलं, "खाली, बंपरवर लाव. काचेवर लावलीस तर वायपर अडकेल."