बुध्या

मागच्या सत्रातली गोष्ट. दुपारचा शेवटचा तास, बाहेर नागपूरचे ऊन, वर्गातला पंखा नुसताच कुरकुरत होता आणि सरांच्या प्रश्नाला एकाही बाकावरून उत्तर येत नव्हते. सर वैतागले. "मेंढरं आहात नुसती! एकाने मान खाली घातली की सगळ्यांनी घालायची!" असे म्हणून त्यांनी खडू टेबलावर टाकला. वर्ग हसला, मीही हसले. पण बाकावर बसल्या बसल्या मनात आले की सरांनी मेंढरे पाहिली असतील, मेंढा काही पाहिलेला दिसत नाही. मेंढा मान खाली घालतो तेव्हा समोरच्याने बाजूला व्हायचे असते.

आपल्या भाषेने या एका जनावराला तिन्ही लिंगे बहाल केली आहेत: तो मेंढा, ती मेंढी, ते मेंढरू. विद्यार्थ्यांना बोल लावायची वेळ आली की मात्र नपुंसकलिंगच उपयोगी पडते. पुल्लिंगी मेंढ्याला जुन्या ग्रंथांत बराच मान आहे. अग्नीचे वाहन तो, बारा राशींत पहिला तो. पंचतंत्रात दोन मेंढ्यांच्या टकरीत सांडलेले रक्त चाटायला गेलेला कोल्हा मधल्या मध्ये चिरडून मरतो, आणि एकनाथांनी तर एका भारुडात साक्षात मदनालाच एडका केले आहे. परीक्षेत हे सगळे लिहिता येते. माझा मेंढा मात्र पुस्तकातून आलेला नव्हता. तो बुधवारी आला म्हणून त्याचे नाव बुध्या.

सातवीपर्यंत मी आजोळी होते, कुही तालुक्यात. तिकडे उन्हाळ्यात रिकाम्या वावरांत काठेवाडी लोक मेंढ्या घेऊन उतरतात. कच्छ-काठेवाडाकडचे हे रबारी विदर्भात कितीतरी वर्षांपासून फिरत आहेत. उंटाच्या पाठीवर खाट उलटी बांधलेली, तिच्यात भांडी, गोधड्या, एखादे पोर आणि कालपरवा जन्मलेली कोकरे, मागे धुळीचा लोट आणि त्या लोटात शेकडो मेंढ्या. आजोबा दरवर्षी तीन-चार रात्री आपल्या वावरात मेंढ्या बसवून घेत. लेंड्या आणि मूत जागच्या जागी जमिनीत जाते, गाडीभर शेणखत वाहून नेण्यापेक्षा ते बरे, असा त्यांचा हिशेब. त्याबद्दल काठेवाड्यांना धान्य मिळे, थोडे पैसे मिळत.

त्या वर्षी त्यांच्यातली एक मेंढी विताना मेली. कोकरू जगले, पण दुसरी कोणी मेंढी त्याला थानाला लागू देईना. मेंढी आपले पोर वासाने ओळखते. परक्याला ती पायाने बाजूला सारते. पहाटे त्यांना पुढच्या गावी निघायचे होते आणि एवढे कोकरू चालणार नव्हते. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने ते आणून माझ्या ओच्यात ठेवले. अंग पांढरे, तोंड तपकिरी, नाक पोपटासारखे बाकदार. गुजरातेतली पाटणवाडी मेंढरे अशीच असतात, आणि त्यांच्यात नरालाही शिंगे नसतात, हे मला पुष्कळ नंतर कळले.

शेजारच्या शेळीचे दूध, औषधाची रिकामी बाटली आणि तिच्या तोंडाला रबरी बोंडी, एवढ्या भांडवलावर बुध्या वाढला. दूध पिताना तो शेपूट थरथरवी आणि बाटलीला ढुशी मारी. बाटली हलली की माझ्या गुडघ्याला मारी. आजी म्हणे, "पान्हा सोडून राह्यला तो, मारत नाही." खरेच, कोकराने कासेला ढुशी दिली की मेंढी पान्हा सोडते. म्हणजे धडक मारायला मेंढा शिकतो तो भांडणासाठी नव्हे, भुकेसाठी. डोक्याने ढकलले की जग आपल्याला काहीतरी देते, हा त्याचा पहिला धडा.

दुसरा धडा मी आणि माझ्या मामेभावाने दिला.

खेळ साधा होता. त्याच्या कपाळावर तळहात ठेवायचा आणि रेटायचे. तोही रेटी. चार महिन्यांचा असताना हे फार गोड दिसे. आठ महिन्यांचा झाल्यावर तो रेटण्याआधी दोन पावले मागे सरू लागला. मग पाच पावले. मामेभावाने पोत्यात तणस भरून ढाल केली. बुध्या मागे जाई, हनुवटी छातीशी घेई आणि असा येई की पोत्यासकट भाऊ मागे! सगळे घर ओसरीवरून हसे. दीड वर्षाचा झाला तेव्हा त्याचे दुधाचे दोन दात पडून पुढचे रुंद दात आले होते. वजन चाळीसएक किलो भरले असते. तरी आमचा खेळ चालूच.

पुढल्या उन्हाळ्यात तोच काठेवाडी म्हातारा पुन्हा आला. बुध्याला पाहून त्याचे डोळे भरून आले. पण मी कौतुकाने कपाळावर हात ठेवून खेळ दाखवला तसा त्याने माझा हात धरला. त्याची भाषा गुजराती, हिंदी आणि आमची वऱ्हाडी यांची खिचडी. मला समजले ते एवढे: टाळूला हात लावू नको, लावायचाच तर गळ्याखाली खाजव, कपाळाला हात लावणे म्हणजे त्याला युद्धाला बोलावणे. "ये तुले मानूस नहीं समजता," तो म्हणाला, "मेंढा समजता."

मला हा मोठाच बहुमान वाटला. मी खेळ बंद केला नाही.

मेंढ्याचे वागणे तेव्हा मी रोज पाहत होते, त्याचा अर्थ मात्र लागत नव्हता. गावातल्या मेंढ्या घरावरून गेल्या की बुध्या मान ताणून हवा हुंगे, वरचा ओठ मागे वळवी आणि तसाच थिजून उभा राही, जणू कुणीतरी अत्यंत बेचव विनोद सांगितला आहे. आम्ही खोखो हसत असू. तो हसत नव्हता. नर मेंढा तसा ओठ वळवतो तेव्हा मादीच्या वासावरून ती माजावर आहे की नाही हे ताडून पाहत असतो. मोठ्या कळपात वीस-तीस मेंढ्यांमागे एखादाच मेंढा ठेवतात, आणि तो तिथे मोठा राजाबिजा असतो अशी आपली समजूत. पण रस्ता धरते ती बहुधा एखादी जुनी मेंढी, महाराज मागून येतात. महाराजांचे राज्य दुसऱ्या मेंढ्यापुरते. दोघे अनोळखी मेंढे एकत्र आले की वर-खाली कोण हे ठरल्याशिवाय चैन नाही. त्यासाठी आधी मागे जायचे, म्हणजे धावेला जागा मिळते. म्हणूनच नवे मेंढे आणले की जाणते लोक त्यांना आधी अगदी अरुंद जागेत कोंडतात. मागे सरता येत नाही, वेग घेता येत नाही, आणि दोन दिवसांत एकमेकांचा वास अंगाला लागला की प्रकरण मिटते. व्हॅलेरियस गाइस्ट नावाच्या संशोधकाने अमेरिकेतल्या डोंगरी मेंढ्यांवर १९७१ साली एक पुस्तकच लिहिले. तिथले मेंढे शिंगांच्या आकारावरून एकमेकांचा दर्जा ओळखतात आणि खरी टक्कर बहुतेक बरोबरीच्यांतच होते. आपल्याकडे जत्रांत मेंढ्यांच्या टकरी लावीत आणि त्यावर पैजा घेत. करमणुकीसाठी प्राणी झुंजवणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, पण गावात त्या टकरींच्या गोष्टी अजून रंगवून सांगतात.

बुध्याला दुसरा मेंढा मिळालाच नाही. त्याचा कळप म्हणजे आम्ही.

मी सातवीत असताना, श्रावणात, पाऊस उघडलेल्या एका सकाळी आजी अंगणात सडा टाकून रांगोळी काढायला वाकली होती. बुध्या तेव्हा चार दाती झालेला, आणि माजाचे दिवस. मी ओसरीवर वेणी घालत होते. तो गोठ्याच्या तोंडाशी उभा होता. आजी वाकलेली, मान खाली, डोके त्याच्याकडे. मी पाहिले की तो मागे सरतो आहे. एक, दोन, तीन, चार. त्या पावलांचा अर्थ त्या घरात माझ्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता. हाक मारायला तोंड उघडले तोवर आजी दगडी ओट्यावर आदळली होती.

खुब्याचे हाड मोडले. नागपूरला आणून शस्त्रक्रिया केली, सळई घातली. आजी पुढे चालू लागली, पण काठीवाचून नाही, आणि रांगोळीला ती पुन्हा वाकली नाही.

घरात जो तो एकच म्हणे: "एडक्याची जातच तशी. कितीबी जीव लावा." मामा म्हणाला, शेजारी म्हणाले, भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या. मामेभाऊ माझ्याकडे पाही, मी त्याच्याकडे. ते तणसाचे पोते आम्ही त्याच रात्री उकिरड्यावर नेऊन टाकले. आणि मग मीही तेच म्हणू लागले: जातच तशी. एखाद्या मुक्या जनावराच्या जातीवर सगळे ढकलून देणे किती सोपे असते हे मी त्या आठवड्यात शिकले.

बकरी ईद जवळ आली होती. मामाने मोमिनपुऱ्याच्या बकरामंडीत त्याला विकायचे ठरवले. टेम्पो आला, पण बुध्या चढेना. चार माणसांनी ओढले, मागून रेटले. रेटले की तो उलटा रेटी, तेच तर त्याला शिकवले होते. शेवटी मामाने मला हाक मारली. मी टेम्पोत चढले. तो मुकाट्याने माझ्या मागे चढला. फळी लावायच्या आधी मी उतरले.

यापुढचे मला सांगायचे नाही, आणि सांगण्यासारखे मी पाहिलेही नाही.

माझा आतेभाऊ सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतो. सरांनी आम्हाला मेंढरे म्हटले त्या आठवड्यात मी त्याच्याकडे गेले आणि त्याची पुस्तके, कात्रणे चाळली. इंग्लंडातल्या केंब्रिजजवळच्या संशोधकांनी १९९८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. कोकरे जन्मतःच शेळ्यांना पाजायला दिली आणि करडे मेंढ्यांना. मोठी झाल्यावर ती परत आपापल्या जातीत सोडली. माद्या काही काळाने बऱ्याच वळल्या. पण शेळीने वाढवलेले मेंढे वर्षे लोटली तरी शेळ्यांच्याच मागे. नराच्या मनावर पहिल्या दिवसांत जो कळप कोरला जातो तो सहसा पुसत नाही. त्याच प्रयोगशाळेने २००१ साली दाखवले की मेंढरू पन्नास मेंढरांचे चेहरे ओळखते आणि दोन वर्षांहून अधिक काळ लक्षात ठेवते. २०१७ मध्ये तर केंब्रिजच्या मेंढ्यांनी शिकवल्यावर बराक ओबामांचा चेहरा छायाचित्रावरून ओळखून दाखवला. आतेभावाला याचे फार हसू आले. मला तो आकडा बोचत राहिला, दोन वर्षांचा. हाताने पाजलेला मेंढा मोठेपणी धोक्याचा, असे त्याच्या पुस्तकात स्पष्ट छापले होते. मेंढा माणसावर रागावतो म्हणून नव्हे. माणसाची भीती मुळी राहतच नाही, आणि तो त्याला आपल्यातलाच एक धरून चालतो म्हणून. म्हाताऱ्याने दोन शब्दांत सांगितले होते ते हेच.

गेल्या दिवाळीत आजोळी गेले. आजी ओसरीवर वाल सोलत बसली होती, काठी बाजूला टेकवलेली. मी पोत्याचे सांगितले. कपाळावरच्या हाताचे, म्हाताऱ्याने दिलेल्या ताकिदीचे, आणि त्या चार पावलांचेही. सात वर्षांत पहिल्यांदा.

आजीचे हात थांबले नाहीत. "मले मालूम नोयतं काय?" ती म्हणाली. "अठीसाच बसून पायत होती ना मी तुमचा खेळ. त्यानं धडक मारली का भाकरीचा तुकडा मीच देऊ त्याले. गुळ लावून."

मग बराच वेळ ती काही बोलली नाही. टोपली अर्धी झाली.

"टेम्पोत तूच चढली होती ना आंधी?" तिने विचारले.

मी हो म्हटले.

"मंग भेला नसन तो," आजी म्हणाली, आणि पुढची शेंग उचलली.