स्ट्रिप आडवी की उभी?

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या सेमिस्टरच्या गणिताला कॉलेजात कोणी गणित म्हणत नाही, तो ‘एम-टू’. कुणाचा राहिला, कुणाचा निघाला, याच्या चौकशा सीनियर होईपर्यंत चालतात. मी तो बरीच वर्षं शिकवते आहे आणि माझं मत असं झालंय, की या विषयात मुलं अडतात ती आकडेमोडीत कमी, आणि आकडेमोडीला फार लवकर बसतात म्हणून जास्त.

बारावीतून येताना इंटिग्रेशन म्हणजे डेरिव्हेटिव्ह उलटं फिरवणं, एवढंच त्यांच्या मनात पक्कं असतं. सूत्रांचा तक्ता पाठ असतो, बाय पार्ट्समध्ये पहिलं कोण याचा ‘लिएट’ पाठ असतो. सीईटीच्या तयारीत आणखी एक चलाखी अंगी मुरलेली असते: इंटिग्रेशन करायचंच नाही, चारही पर्यायांचं डेरिव्हेटिव्ह काढायचं आणि जुळेल त्यावर खूण करायची. चलाखी वाईट नाही, मीही उत्तर तसंच तपासते. पण एम-टूच्या लेखी पेपरात समोर पर्याय नसतात. आणि काही गणितांत तर उलटं जायला वाटच नसते.

असं एक गणित मी दरवर्षी फळ्यावर घालते. दुहेरी इंटिग्रल आहे. बाहेर एक्स शून्यापासून एकपर्यंत, आत वाय एक्सपासून एकपर्यंत, आणि फंक्शन ‘ई रेज टू वाय स्क्वेअर’. माना लगेच वहीत जातात. वाय स्क्वेअरला टी मानलं, की पुढच्याच ओळीत अडतं, कारण त्या सब्स्टिट्यूशनला बाहेर गुणायला एक वाय लागतो आणि तो नाही. मग कोणी बाय पार्ट्स लावतं, तर गणित प्रत्येक ओळीला लांबत जातं. मी गप्प असते. वर्गाची पुरेशी दमछाक झाली की सांगते, हे आतलं इंटिग्रेशन नेहमीच्या फंक्शनांत मांडताच येत नाही. आपल्याला जमत नाही असं नव्हे, कुणालाच येणार नाही. अशी फंक्शनं ओळखायची रीत जोसेफ लिउव्हिल या फ्रेंच गणितीने 1830च्या दशकातच घालून दिली आहे.

“मग सम चुकीचा आहे का, मॅडम?”

सम बरोबर आहे. आकृती काढा. त्या लिमिट्समधून एक त्रिकोण निघतो: एक बाजू वाय-अक्षावर, वरची बाजू ‘वाय बरोबर एक’ या रेषेवर, तिरकी बाजू ‘वाय बरोबर एक्स’वर. आपल्याला दिलेली पट्टी, म्हणजे स्ट्रिप, उभी आहे, तिरक्या रेषेत शिरून वरच्या रेषेतून बाहेर पडणारी. ती आडवी करा. आडव्या पट्टीवर वाय बदलतच नाही, म्हणून ज्या फंक्शनने एवढं छळलं ते तिच्यापुरतं नुसता स्थिरांक. गुणायची फक्त पट्टीची लांबी. ती किती? वाय-अक्षापासून तिरक्या रेषेपर्यंत, म्हणजे वाय. मघाशी शोधून सापडत नव्हता तो वाय पट्टीची लांबी होऊन आला. पुढचं काम दोन ओळींचं. उत्तर ई वजा एक, भागिले दोन, सुमारे 0.859.

पेपर तपासताना आकृती आधी काढली की उत्तर आल्यावर चिकटवली, ते लगेच कळतं. मागून काढलेल्या आकृतीत पट्टीच्या टोकांना बाण नसतात.

गॅमा फंक्शनच्या वेळी हीच गोष्ट गोल होऊन भेटते. ‘गॅमा हाफ म्हणजे रूट पाय’ हे पोरं झोपेतही सांगतील. पण यात वर्तुळ कुठे आहे, की पाय यावा? मुळात गॅमा हाफच्या मागे घंटेच्या आकाराचा एक वक्र आहे, ई रेज टू मायनस एक्स स्क्वेअर. त्याच्याखालचं सगळं क्षेत्रफळ हवंय, आणि याही फंक्शनला उलटी वाट नाही. म्हणून त्या इंटिग्रलला त्यानेच गुणायचं, एकदा एक्स वापरून, एकदा वाय. आता घंटा प्रतलावर उभी राहते आणि चहूबाजूंनी सारखी दिसते. अशा आकाराला चौकोनी तुकडे पाडणं हा हट्ट झाला. तुकडे पोलरमध्ये पाडायचे. भाकरीचा चतकोर टोकाशी निमुळता आणि कडेला रुंद असतो, तसा इथला तुकडा मध्यापासून दूर जाईल तसा रुंद होतो, आणि त्या रुंदीपायी गणितात एक ‘आर’ गुणायला येतो. सब्स्टिट्यूशनला नेमका तोच हवा होता. पुढे पूर्ण फेरीचा टू पाय येतो, सब्स्टिट्यूशनमधून आलेल्या अर्ध्याने गुणलं की पाय उरतो, आणि वर्गमूळ घेतलं की रूट पाय. बहुतेक मुलं हा आर ‘फॉर्म्युल्यात असतो’ म्हणून लिहितात, आणि घाईत सर्वांत आधी विसरतात तोही तोच.

चित्राआधी सूत्र ही सवय आम्ही शिक्षकांनीच लावली आहे. बारावीत सेक एक्सचं इंटिग्रेशन शिकवताना ‘सेक प्लस टॅनने गुणा आणि भागा’ असं सांगतात. एखादी मुलगी विचारतेच, हे सुचलं कसं? प्रश्न रास्त आहे. या इंटिग्रलचं उत्तर मुळात त्या वाटेने आलेलंच नाही. मर्केटरने 1569मध्ये खलाशांसाठी नकाशा केला, त्यात अक्षवृत्तांमधलं अंतर ध्रुवांकडे वाढत जातं. किती वाढवायचं, हे एडवर्ड राइट या इंग्रज गणितीने 1599मध्ये तक्त्यात दिलं: लहान लहान टप्प्यांचे सेकंट घेऊन नुसती बेरीज. लायब्निझचा कॅल्क्युलसवरचा पहिला लेख छापून यायला अजून 85 वर्षं होती. पुढे 1640च्या दशकात हेन्री बाँडला हा तक्ता टॅनच्या लॉगच्या तक्त्याशी जुळताना दिसला. सिद्धता जेम्स ग्रेगरीने दिली, 1668मध्ये. आधी बेरीज, मग उत्तर, शेवटी कारण. आम्ही मात्र तयार किल्ली हातात ठेवतो आणि कुलूप दाखवायचं विसरतो.

तिहेरी इंटिग्रेशनला माझी पंचाईत होते, कारण मला फळ्यावर तीन मितींचं नीट काढता येत नाही. सारख्या जाडीचे दोन गोल दंडगोल काटकोनात एकमेकांतून आरपार गेले, तर दोघांना समाईक भागाचं घनफळ काय? हे आर्किमिडीजलाही ठाऊक होतं; त्याच्या ‘पद्धत’ या ग्रंथात ते आहे. उत्तर येतं त्रिज्येच्या घनाच्या सोळा-तृतीयांश. वर्गातली हुशार मुलं इथे हटकून थांबतात. दोन्ही वस्तू गोल, मघाशी तर घंटेतूनही पाय निघाला होता, मग इथला कुठे गेला? काही जण परत मागे जाऊन चूक शोधतात, एखादा खात्रीने एक पाय घुसडून देतो. मी पुन्हा काप घ्यायला सांगते, दोन्ही दंडगोलांच्या अक्षांना समांतर अशा सुरीने. एका दंडगोलाचा काप ही सरळ कडांची आडवी पट्टी, दुसऱ्याचा तशीच आणि तेवढ्याच रुंदीची उभी पट्टी. दोघांना समाईक राहतो तो चौरस. वर्तुळाकार काप कुठेच पडत नाही.