पाठीवर पाण्याला जागा

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पैसे मोजले तर सॅक हलकी मिळते, तंबू हलका मिळतो, बूटही हलके मिळतात. हलकं पाणी कुठल्याच दुकानात मिळत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याकडचा माणूस डोंगरात चालायला निघाला की त्याचा हिशेब इथून सुरू होतो.

आमच्याकडची बालाघाटाची रांग काही सह्याद्रीसारखी छातीवर येत नाही. मुरमाड माळ, पळस, बोरी-बाभळी आणि मध्येच एखाद्या ओढ्याची कोरडी घळ. संक्रांत सरली की त्या घळीत वाळूच उरते. मी चालायला शिकलो ते याच मुलखात. लोह्याहून माळेगाव, तिथून लिंबोटीचं धरण, पुढे मन्याड नदीच्या काठानं कंधार. फाल्गुनात या वाटेवर दुपारी दोन वाजता पाण्याची बाटली रिकामी झाली, तर खांद्यावर कितीही महागडं सामान असो, त्याचा उपयोग शून्य असतो.

हलक्या ओझ्यानं रानात हिंडण्याची विद्या अमेरिकेत चांगलीच रुजली आहे. एमा गेटवूड नावाच्या आजी १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, तीन हजार किलोमीटरहून लांब अशी अ‍ॅपलेशियन वाट एकट्यानं सलग चालून गेल्या. अकरा मुलांची आई असलेल्या या बाईंच्या पायात साधे कापडी बूट होते. खांद्यावर स्वतः शिवलेली जाड्याभरड्या कापडाची पिशवी होती आणि पाऊस आला तर अंगावर घ्यायला न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. पुढे रे जार्डिन यांनी १९९२ मध्ये पॅसिफिक क्रेस्ट वाटेवरच्या पदयात्रींसाठी पुस्तक लिहिलं. सामान स्वतः शिवा, जे लागत नाही ते घरी ठेवा, हा त्यांचा आग्रह. या दोघांविषयी मला मनापासून आदर आहे. पण त्या परंपरेतला एक हिशेब मला आमच्या माळावर लावता येईना. तिथे ‘मूळ वजन’ मोजताना अन्न आणि पाणी धरत नाहीत. ते सोडून साडेचार किलोच्या आत ओझं बसलं, की माणूस अतिहलका. जिथे तासा-दोन तासांनी झरा लागतो तिथे हे ठीक आहे. आमच्याकडे जे वगळलं जातं तेच सगळ्यात जड असतं. म्हणून मी हिशेब उलटा केला. आधी पाण्याचे चार किलो धरायचे आणि त्यांना जागा करून देण्यासाठी बाकीचं सगळं कमी करत जायचं.

निवारा कसा उभा करायचा हे मी माळेगावच्या जत्रेत शिकलो. मार्गशीर्षात, वेळ अमावास्येच्या आगेमागे, खंडोबाची ही जत्रा भरते. घोडे, गाढवं, उंट विकायला येतात, तमाशाचे फड लागतात आणि भटक्या जमातींची कितीतरी कुटुंबं बिऱ्हाडासह माळावर उतरतात. एका संध्याकाळी एक वयस्कर बाई पाल ठोकत होत्या आणि मी बाजूला उभा राहून बघत होतो. त्यांनी आधी चिमूटभर माती उचलून हवेत सोडली आणि ती कुठे जाते ते पाहिलं. मग दोन काठ्या रोवल्या, त्यांच्यावरून दोर नेला आणि कापड टाकलं. वाऱ्याकडची बाजू पार जमिनीला टेकवली, आडोशाची बाजू उचलून धरली. मुरमात मेख जाईना. तेव्हा त्यांनी दोराचं टोक एका आखूड काटकीला गुंडाळलं, काटकी आडवी ठेवली आणि तिच्या पुढ्यात, दोराच्या दोन्ही अंगांना दगड रचले. दोर ओढला जाई तशी काटकी दगडांना अडे.

“मावशी, रात्री वारा सुटला अन् दगड सरकला तर?”

“सरकंल कसा? दोर वढतोय तसा दगूड बसतोय. वाऱ्याकडं पालाची पाठ ठिवावी भाऊ, तोंड नगं.”

डोंगरातल्या निवाऱ्याविषयी एवढं नेमकं मला त्याआधी कुणी सांगितलं नव्हतं. पण एक गोष्ट विसरता कामा नये. त्या मावशींचं हलकं बिऱ्हाड त्यांनी हौसेनं निवडलेलं नव्हतं. गावानं जमीन दिली नाही, घर दिलं नाही, म्हणून ते हलकं राहिलं. माझी हौस आणि त्यांची गरज एका पारड्यात ठेवून ‘साधी राहणी’ म्हणून त्या गरजेचं कौतुक करणं मला पटत नाही. त्यांच्याकडून घ्यायचं ते त्यांचं कसब, आणि ते घेतलं हे मोकळेपणी सांगायचं.

माझ्या पालाचं कापड म्हणून ताडपत्री चालणार नव्हती. सोयाबीनची गंजी झाकायला ती चांगली, पाठीवर नको. मी नांदेडहून छत्रीचं कापड आणलं आणि लोह्यातल्या आमच्या शिंपी मास्तरांपुढे ठेवलं. त्यांनी ते दोन बोटांत चोळून पाहिलं. “सर, हे मशीनखाली घसरणार. अन् जिथं सुई जाईल तिथून पाणी येणार.” मग उपायही त्यांनीच काढला. दोन्ही कडा एकमेकींत दुमडून त्यावर दोन टिपा मारल्या, आणि शिवणीवर मेणबत्ती घासून वरून कोमट इस्त्री जुन्या कागदावरून फिरवली. मेण भोकांत उतरलं. कोपऱ्यांना नवारीचे तुकडे लावून दोरासाठी फासे केले. उरलेल्या कापडाची सॅक शिवली, पट्ट्यांत जुन्या गादीचा फोम घातला. शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर दोन्ही ठेवलं. सॅक चारशे ग्रॅमच्या आसपास, पाल दोरांसकट सहाशेच्या आत. माझी जुनी विकतची सॅक रिकामीच दोन किलोंहून जास्त भरायची. मास्तर त्या दिवसापासून माझ्या सामानात मन घालू लागले. पाणी वाहण्यासाठी स्टीलची बाटली नको, विकतच्या पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली घ्या, हे त्यांनीच सुचवलं. ती तीस ग्रॅमच्या आतबाहेर असते, स्टीलची त्याच्या कितीतरी पट.

खाण्याचा विचारही पाण्यावरूनच करावा लागतो. भाकरीत पाणी असतं, म्हणून ती जड, पण ती खाताना वेगळं पाणी लागत नाही. पीठ हलकं, पण ते कालवायला पाणी हवं. पहिल्या दिवसासाठी मी दुधात मळलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेतो. पुढच्या दिवसांसाठी, जिथे रात्री पाणवठा नक्की आहे तिथे, सातूचं पीठ आणि गूळ. दिवसभर चघळायला शेंगदाणे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात, तेवढ्याच वजनाला इतकी ताकद देणारं स्वस्त खाणं आपल्याकडे क्वचितच दुसरं सापडेल. चूल मी नेत नाही.

हे सगळं घेऊन मी सह्याद्रीतली रतनगड ते हरिश्चंद्रगड ही चाल केली, तीही माघात, ओढे आटल्यावर. रतनवाडीत अमृतेश्वराचं देखणं दगडी मंदिर पाहून गड चढलो. गडावरच्या टाक्यांत पाणी होतं. तिथे आधी पोटभर प्यायलो, थोडा वेळ बसलो, पुन्हा प्यायलो आणि मगच बाटल्या भरल्या. पोटातलं पाणी खांद्याला लागत नाही. टाक्याचं पाणी फडक्यानं गाळून त्यात क्लोरीनचे थेंब टाकले आणि अर्धा तास थांबलो. इतकं पाणी घेऊनही एकूण वजन दहा किलोंच्या खालीच राहिलं. कात्राबाईच्या खिंडीकडे जाताना माझ्या पुढे एक गट होता. त्यांच्या सॅकवर बाहेरून खुर्च्या, कढया टांगलेल्या, आणि माणशी पाणी मात्र लिटरभर. खिंड ओलांडून उतरताना त्यांच्यातला एक मुलगा वाटेच्या कडेला बसला होता, ओठ सुकलेले. एक बाटली मी त्याला देऊ शकलो, कारण माझ्याकडे ती होती. डोंगरातल्या हलकेपणाचं मोल मला त्या वेळी सगळ्यात जास्त जाणवलं.

कुमशेतला एका घरामागच्या कातळावर, घरधन्याला विचारून, मी पाल लावलं. कातळात मेख कुठली जायला! माळेगावची काटकी आणि दगड इथेही चालले. रात्री घळीतून वारा वर चढू लागला, पालाची पाठ त्याच्याकडेच होती. सकाळी घरधनी म्हणाले, “पावसात इथं पोत्याची खोळ वाळत नाही, अन् चैत्र लागला की बायका पाण्याला खाली उतरतात.” लोह्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. म्हणून गावातल्या विहिरीवरून पाणी भरताना मी विचारून भरतो, उन्हाळ्यात दोन लिटरच्या वर घेत नाही आणि अंघोळीचं तर नावच काढत नाही.

पुढे मुळा ओलांडून पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर गेलो. केदारेश्वराच्या लेण्यात कमरेएवढ्या गार पाण्यातून लोक प्रदक्षिणा घालत होते.

काही वस्तू मी कधीच कमी करत नाही. कपाळावरची बॅटरी आणि तिचे जादा सेल, शिट्टी, जखमेवरच्या पट्ट्या, ओआरएसच्या पुड्या, थंडीच्या कपड्यांचा एक कोरडा जोड. पन्नास ग्रॅम वाचवायला यातलं काही घरी ठेवणाऱ्याला मी माझ्याबरोबर नेत नाही. पावसाळ्यात गोष्ट निराळी. तेव्हा पाणी कमी वाहायचं आणि कोरड्या कपड्यांवर जास्त वजन खर्चायचं. पाल मात्र तेच.

येत्या माघात माझ्या शाळेतल्या नववीच्या मुलांना घेऊन लिंबोटीहून कंधारपर्यंत चालायचं ठरवतो आहे. मुक्कामाच्या गावात विचारून ठेवलं आहे, वाटेतल्या विहिरी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतात ते मुलं स्वतः शेतकऱ्यांना विचारून वहीत लिहीत आहेत. कंधारला पोचल्यावर राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा जगत्तुंग तलाव आणि किल्ल्याचा खंदक त्यांना दाखवायचा आहे. मुलांच्या पाठीवर प्रत्येकी तीन लिटर पाणी असेल आणि बाकीचं सगळं मिळून तीन किलोच्या आत. मास्तरांनी पिशव्यांची मापं घेतली आहेत.